साडी उलटून न पाहणाऱ्या दोघी

आधीच सांगून टाकतो, मला कामावरून काढलं ते चोरी केली म्हणून नाही. आर्वीत अजूनही काही लोक तसं समजतात आणि मी त्यांना समजू देतो, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं पडतं. मला काढलं ते बोललो म्हणून. एका पोरीबद्दल बोललो. सगळी मिळून तीन-चार वाक्यं असतील.

बावीस वर्षं मी साड्यांच्या दुकानात गादीवर बसलो. पांढरी चादर अंथरलेली लांब गादी, पाठीमागे भिंतभर रॅक, समोर बाया. पहिली दोन वर्षं नुसत्या घड्या घातल्या. मग एक दिवस तोंड उघडलं आणि शेठच्या लक्षात आलं, की या माणसाच्या हातापेक्षा याची जीभ जास्त माल विकते. तेव्हापासून मोठी गादी माझी. लग्नाचा बस्ता आला, म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून लग्नघरची सगळी कापडं घ्यायला आली, की शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "मोठ्या गादीवर घे रे!" मोठ्या गादीवर घे म्हणजे माझ्यापुढे बसव.

मी बोलायचो तरी काय? नवरदेवाच्या आजीपुढे जरीची साडी टाकायची आणि म्हणायचं, "आजी, हे नेसून मांडवात जासान तं आबाजी पुन्हा मागणी घालतीन." मामीला म्हणायचं, "मामी, तुमाले मी हा रंग देत नाई. मंग नवरीकडे कोन पाह्यन?" हशा. हशा झाला की साडी गेलीच समजा. आणि सगळ्यात मोठा खेळ म्हणजे साडी स्वतःच्या अंगावर घेऊन उभं राहणं. निऱ्या पोटाशी धरायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, वर माझ्या या झुपकेदार मिशा. बाया पोट धरून हसायच्या. घरी जाऊन सांगायच्या, जायचं तर त्या मिशीवाल्या भाऊकडेच.

आणखी एक विद्या मला त्या गादीनं शिकवली. घेणारी बाई कोण आणि वेळ घालवायला आलेली कोण, हे ओळखायचं. जिला घ्यायची असते ती साडी उलटून पाहते. काठाची मागची बाजू पाहते, धागे लोंबतात का पाहते, बोटानं चोळते. जी उलटून पाहत नाही तिच्यासाठी पुढची साडी उघडायची मेहनत करायची नाही. बावीस वर्षांत माझा हा आडाखा एकदाही चुकला नाही.

ती पोरगी आली ते एका लग्नसराईच्या तोंडावर. छोटे शेठ म्हणजे शेठचा मुलगा, त्याच्या बायकोनं, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, तिनं ठेवून घेतली. चोवीस-पंचवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, बाप एसटी डेपोत मेकॅनिक. स्कूटीवर यायची. पहिल्या दिवशी तिनं गादीवर चढण्याआधी पाय पुसले तेवढं मला आवडलं. तिच्याबद्दल मला आवडलेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट.

आठवडाही झाला नसेल. बस्ता आला होता. मी नेहमीसारखा नवरीचा शालू अंगावर घेऊन उभा राहिलो, मान वाकडी केली, सगळे हसले. नवरी हसली नाही. ती म्हणाली, "काका, या ताईच्या अंगावर दाखवता का?"

ती पोरगी उठली. दोन पिना लावल्या, पदर सोडला, आणि आरशापुढे नुसती उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. नवरी बघत राहिली आणि म्हणाली, "हाच."

आटोपलं! माझ्या तोंडात तयार असलेला विनोद तोंडातच राहिला. वीस वर्षं मी असे शालू अंगावर घेऊन माकडचेष्टा करत होतो, आणि या पोरीनं काहीच न करता हा विकला. मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला. मत्सर, असूया हे पुस्तकातले शब्द झाले. मी जळलो.

मग वहिनीनं मोबाइलवरून साड्या दाखवणं सुरू केलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही समोर फोन लावायची आणि बोलायची, "नमस्कार ताई, आज आपल्याकडे..." असं गोड-गोड. पुलगावच्या बाया पाहायच्या, कारंज्याच्या पाहायच्या, पुण्यात दिलेल्या आर्वीच्या लेकी पाहायच्या. आणि दुकानात आल्या की चप्पल काढता काढता विचारायच्या, "मोबाइलवाली ताई कुठी हाय?" माझ्यापुढे मोकळी गादी असायची आणि त्या तिच्यापुढे दाटीवाटीनं बसायच्या. एक दिवस बस्ता आला आणि शेठ म्हणाले, "भाऊ, जरा सरक. तिले बसू दे मोठ्या गादीवर."

सरक! वीस वर्षं जिथं बसून माझ्या गुडघ्यांचं खोबरं झालं, तिथून सरक. सरकलो. काय करता?

ती माझ्याशी वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती चहा आला की पहिला पेला मला द्यायची. एकदा म्हणाली, "काका, तुमी एका झटक्यात घडी कशी घालता? मले शिकवा नं."

मी म्हणालो, "हे हातात याव लागते, पोरी. मोबाइलात नाई येत."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण पाहत होती. मी डाव्या अंगठ्यानं काठ दाबतो, उजव्या हातानं झटका देतो आणि साडी हवेतच अर्धी होते, ती माझी स्वतःची पद्धत. महिन्याभरानं पाहतो तर ही तोच अंगठा, तोच झटका. समोरची बाई म्हणाली, "किती छान घडी घालते वं माय!" मी त्या दिवशी डबा न खाता परत नेला.

घरी रोज तिचंच पुराण. ती कशी बसते, कशी हसते, वहिनी तिला कशी डोक्यावर चढवते. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लग्नाले सव्वीस वर्षं झाले, माह्याबद्दल एवढं कधी बोलले का?" मी ताटावरून उठलो.

दुकानात बोलायला लागलो ते असंच. आधी बारीक-बारीक. आम्ही चार सेल्समन, ती पलीकडे. "गादीवर बसाले आली का फोटो काढाले?" हसायचे. मग थोडं वाढवायचं. तिच्या ब्लाउजवर, तिच्या चालण्यावर, छोटे शेठ तिच्याशी किती वेळ बोलले त्यावर. हसायचे. माझं बोलणं ऐकून कोणीतरी हसतंय, ही चटक फार वाईट. गिऱ्हाईक हसेनासं झालं तेव्हा मी तिच्या जिवावर पोरांना हसवायला लागलो. एकदा तिच्या कानावर गेलं. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, काय म्हणत होते? माह्यासमोर म्हणा."

"मजाक होती. मजाकबी समजत नाई का तुले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्या तिघांकडे पाहिलं आणि आपल्या जागी गेली. तिघं रॅककडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्या दोघी आल्या. दुपारची वेळ, शेठ जेवायला गेलेले. एक पन्नाशीची, चष्मा, अंगानं भरलेली. दुसरी जरा लहान. सेलूहून आलोत म्हणाल्या. माझ्यापुढे बसल्या. मी विचारलं, काय दाखवू, तर मोठी म्हणाली, "दाखवा काईबी." मी दाखवत गेलो. पलीकडे ती पोरगी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला साडी नेसवून दाखवत होती. थोड्या वेळानं चष्मावाली पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, हे पोरगी कशी हाय हो? वागाले-बोलाले?"

मी हातातली साडी झटकली आणि म्हणालो, "वागाले-बोलाले? बाई, तिले त्याच्यासाठी ठेवलंच नाई. साडी मी दाखवतो, थे अंग दाखवते. बाकीचं छोट्या शेठले इचारा, त्याईले जास्त माहीत."

दोघी हसल्या. धाकटीनं तोंडाला पदर लावला. मग "येतो पुन्हा" म्हणून उठल्या. आणि मी, खोटं कशाला सांगू, खूश झालो. कितीतरी महिन्यांनी दोन बाया माझ्या बोलण्यावर हसल्या होत्या.

चार दिवसांनी तिचा बाप आला. ड्यूटीवरूनच आला असावा, हाताला काळं ऑइल होतं. तो गादीला शिवला नाही, पायऱ्यांपाशीच उभा राहिला. मला वाटलं होतं की असा माणूस आला की आरडाओरडा करतो. त्यानं केला नाही. शेठना सांगितलं, तेही हात जोडून.

सेलूचं स्थळ होतं. मुलगा झेडपीच्या शाळेत मास्तर. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता, फक्त कांदेपोह्यांचा दिवस ठरायचा होता. आमच्याकडे त्याच्या आधी एक रीत असते. मुलाकडच्या एक-दोन बाया गुपचूप पोरीला पाहून येतात. पोरगी कॉलेजात असली तर कॉलेजात, नोकरीवर असली तर नोकरीच्या ठिकाणी. ती कशी उभी राहते, कोणाशी कशी बोलते ते पाहतात, आणि शेजारच्या माणसाला एक शब्द विचारतात. त्या एका शब्दावर पोरीचं सगळं ठरतं. तो शेजारचा माणूस मी होतो. त्या दोघी मुलाची आत्या आणि मामी होत्या. मध्यस्थानं निरोप आणला होता, की दुकानातलाच माणूस असं-असं म्हणतो, तर आता पुढे काही नको.

बाप माझ्याकडे वळला. "भाऊ, माह्या पोरीनं काय वाकडं केलं तुमचं?"

मी म्हणालो, "मले काय माहीत त्या पाहाले आल्या म्हणून? मी तं गिऱ्हाईक समजलो. मजाक केली."

ती पोरगी गादीवरच होती. गिऱ्हाइकानं विस्कटलेल्या साड्यांचा ढीग तिच्यापुढे होता आणि ती घड्या घालत होती. माझ्याच पद्धतीनं. मान वर न करता म्हणाली, "मजाक होती तं माह्यासमोर काऊन नाई केली, काका? मी तं म्हनलं होतं."

मी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. तिघं पुन्हा रॅककडे तोंड करून उभे.

शेठनी आधी गोष्ट मिटवायचा प्रयत्न केला. माफी मागतो म्हणे, सेलूला माणूस पाठवतो म्हणे. वहिनी गल्ल्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबूजी, या दुकानात बायाच येतात. आणि दुकानातल्या पोरीले आपण असं बोलू देतो? एक तं हे राहतीन, नाई तं ती राहीन." मला एक क्षण वाटलं शेठ माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"देख भाऊ, तुह्या जबानीवर मी बावीस साल माल इकला. मीच तुले चढवून ठेवला. पण त्याच जबानीनं तू पोरीचं जुळत आलेलं मोडलं. चप्पल घाल."

गादीवर आम्ही अनवाणी. चप्पल घाल म्हणजे जा. पायऱ्यांपाशी माझी चप्पल शोधायला मला बराच वेळ लागला. तिच्या बापानं पाय मागे घेतला, तर त्याच्या पायाखाली माझी एक चप्पल होती. त्यानं ती वाकून माझ्याकडे सरकवली.

घरी बायकोला सांगितलं तेच, जे शेठला सांगितलं. मला माहीत नव्हतं. मी गिऱ्हाईक समजलो. ती पदर तोंडात धरून ऐकत होती, मग एकदम उसळली. "अन् माहीत असतं तं? तिचं लग्न होऊ दिलं असतं तं थे सेलूले गेली असती. तुमची गादी तुमाले राह्यली असती. एवढंबी डोकं नाई चाललं?"

मी म्हटलं, माहीत नव्हतं ना पण. नात्यातल्यांना सांगितलं, माहीत नव्हतं. पानठेल्यावर सांगितलं, माहीत नव्हतं. इतक्या वेळा सांगितलं, की सांगताना माझा आवाज भरून यायला लागला.

आता मी बस स्टँडजवळ एका ओळखीच्या माणसाच्या दुकानात शाळेचे ड्रेस विकतो. शाळेच्या ड्रेसला काठ नाही, पदर नाही. आई येते, पोराच्या पाठीला शर्ट लावून पाहते, एक साइज मोठा द्या म्हणते, संपलं. बोलायला काही नाही. दुपारी काउंटरखाली फोन धरून, आवाज बंद करून, मी त्या पोरीला साड्या दाखवताना पाहतो. रोज पाहतो. पदर सोडताना ती आता हात जरा उंच धरते, ते माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आणि दर वेळी साडीच्या आधी तिचा गळा पाहतो, मंगळसूत्र आलं का म्हणून. अजून आलेलं नाही. सेलूनंतर दोन स्थळं परत गेली, असं कानावर आलं. आर्वी केवढी? निघालेली गोष्ट कुठेही जाते.

यंदा माझ्या स्वतःच्या पोरीचं जमायला आलं. स्थळ नालवाडीचं, माणसं चांगली, मुलगा वर्ध्यात नोकरीला. मध्यस्थानं आमची माहिती देताना सांगितलं, की वडील बावीस वर्षं अमुक दुकानात होते. मुलाकडचे म्हणाले, हो का, बरं-बरं. बरं-बरं म्हणजे काय ते मला कळत होतं. आता त्यांच्याकडच्या दोन बाया आर्वीला येणार, त्या दुकानात जाणार, गादीपुढे बसणार, आणि हळूच विचारणार. आणि त्यांच्यापुढे कोण बसलेलं असणार?

बायको म्हणाली, "जा. जाऊन हात जोडा त्या पोरीले." मी गेलो नाही. दोनदा दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. काचेतून मोठ्या गादीवर ती बसलेली दिसली आणि पाय पुढे सरकेनात. शरम होती म्हणाल तर होती, पण सगळीच शरम नव्हती. ती त्या गादीवर शोभत होती, ते मला अजूनही सहन होत नव्हतं. आठ दिवस घास गिळवला नाही. पोरगी विचारत होती, बाबा तुमाले बरं नाई का?

होकार आला.

नालवाडीला साखरपुडा झाला. जेवणं झाल्यावर मुलाची आई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. हसऱ्या तोंडाची बाई. म्हणाली, "भाऊ, आता सोयरे झालो तं सांगतो. आमी गेलतो बरं तुमच्या जुन्या दुकानात, गुपचूप."

मी पाण्याचा ग्लास हातात घेतला.

"एक पोरगी होती मोठ्या गादीवर. तिले इचारलं, ते मिशीवाले काका कसे होते वं? काऊन सोडून गेले? तं थे काय म्हणे माहीत हाय? म्हणे, 'काकांसारखी घडी आर्वीत कोनाले येत नाई. बाकी मी कोनाच्या घरचं सांगत नाई, मावशी. साडी दाखवू का?'" ती खळखळून हसली. "मले लय आवडली बाप्पा ते पोरगी. अशी तोंडाची पक्की पायजे. हे साडी तिच्याकडूनच घेतली मी." आणि तिनं पदर माझ्यापुढे धरला.

सवयच ती, मी काठ उलटून पाहिला. माल चांगला होता.

बाकी मी कोणाच्या घरचं सांगत नाही. साडी दाखवू का? एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता, माझी पोरगी सुटली होती. आणि मी तिथं, सोयऱ्यांच्या मांडवात, विहीणबाईंच्या साडीचा काठ हातात धरून त्या पोरीवर पुन्हा जळत होतो. ती वाक्यं माझी असायला हवी होती. बावीस वर्षं बोलण्याची रोटी खाल्लेला माणूस मी, मला त्या दुपारी एवढं सुचलं नाही.

पण सुचलं नाही हेही खोटंच. बायकोला सांगितलेलं नाही, इथं सांगतो. सेलूच्या त्या दोघींपुढे मी त्या दुपारी अकरा साड्या उघडल्या. त्यातली एकही त्यांनी उलटून पाहिली नाही, नजर सारखी पलीकडे त्या पोरीकडे. त्या साडीसाठी आलेल्या नाहीत, पोरीसाठी आल्यात, हे मला तिसऱ्याच साडीला कळलं होतं. पुढच्या आठ मी नुसत्या उघडत राहिलो, त्या मला कधी विचारतात याची वाट बघत.